तोटी तळाशी हवी

द कुर्मेल साहेबांना पॅरिसहून पदक आलं ते फोटो धुण्याच्या शोधाबद्दल. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही, त्याला धुण्याबद्दल पदक! त्या दिवशी आमच्या व्होरेझ गावात बँड वाजला, मेयरनं भाषण केलं, शाळेच्या मुलींनी फुलं दिली. मी गेले नाही. मला गिरणीत काम होतं, आणि नसतं तरी गेले नसते.

शोध एल्झेआर बुर्नाचा. आमच्या कागदगिरणीत तो खळ शिजवायचा. कागदाला शाई फुटू नये म्हणून पिठाची आणि राळेची खळ देतात, ती त्याच्या कढईतून यायची. उंच, वाकलेला, बोलायला कंजूष माणूस. मी, उर्सूल पेयरार, निवडखोलीत. आम्ही एकतीस बायका मोठ्या खिडक्यांपाशी बसून एकेक कागद उजेडावर धरायचो, आणि केस, गाठ, ठिपका दिसला की सुरीच्या टोकानं काढायचो. फोटोवाल्यांच्या कागदाला तर लोखंडाचा कणही चालत नाही. चिंधीतल्या एखाद्या बटणाचा गंज राहिला तर कुणाच्या तरी गालावर काळा डाग उमटतो. आमच्या ओढ्याच्या पाण्यात लोखंड नाही, म्हणून आमचा कागद फोटोसाठी लांबलांब जायचा. एल्झेआरची बायको मेलानी निवडखोलीत माझ्या डाव्या हाताला बसायची. सात वर्षं आमची कोपरं एकमेकींना लागत होती.

द कुर्मेल साहेब टेकडीवरच्या वाड्यातले. त्यांना बापाची जमीन होती आणि वेळ होता. आधी त्यांनी रेशमाचे किडे पाळले, ते मेले. मग फुगा बांधला, तो उडाला नाही. मग त्यांना फोटोचा नाद लागला आणि त्यांनी 'प्रकाशकला मंडळ' काढलं. सभासद अकरा: नोटरी, डॉक्टर, दोन पाद्री, एक निवृत्त कर्नल, बाकीचे त्यांचेच मावसभाऊ. अध्यक्ष कोण ते सांगायला नको.

अठराशे चोपन्न सालच्या जूनमध्ये ते आमचा फोटो काढायला गिरणीत आले. 'डोंगरातील जनजीवन' नावाचा अल्बम करून त्यांना तो जिल्ह्याच्या सगळ्यांत बड्या अधिकाऱ्याला, प्रिफेक्टला, भेट द्यायचा होता. त्यात जनजीवन म्हणजे आम्ही. एकतीसजणींना अंगणात तीन रांगांत बसवलं. साहेब काळ्या कापडात डोकं घालायचे, बाहेर काढायचे, ओरडायचे.

"हलू नका! हसू नका! पापणी नको, मान नको, श्वाससुद्धा नको!"

सगळ्यांत म्हातारी पेरोन पुढच्या रांगेतून म्हणाली, "साहेब, मरूनच दाखवू का?"

आम्ही सगळ्या फिसकन हसलो आणि साहेबांची कॅमेऱ्यातली पहिली काच वाया गेली. दुसरी साधली.

ऑगस्टात पटकीची साथ आली. पेरोन गेली. डोंगरातल्या वस्तीवरची झेली गेली, एकोणीस वर्षांची होती. आणि मेलानी गेली, सकाळी पोटात कळ आली, तिला दवाखान्यात नेलं, दुसऱ्या सकाळी मी तिच्या जागेवरचे कागद माझ्याकडे ओढून घेतले. मुकादमानं सांगितलं होतं, काम थांबायला नको.

तो फोटो साहेबांनी मालकांना दिला आणि मालकांनी निवडखोलीच्या भिंतीवर लावला. आमच्यासारख्यांचे फोटो कोण काढतं? त्या तिघींचे चेहरे जगात तेवढ्या एका कागदावर होते. एल्झेआर रोज दुपारी यायचा. कढईसाठी चाळणी हवी, नाहीतर दोरी हवी, असं काहीतरी निमित्त काढायचा. लाकडी बुटांनी फरशी ओली करत भिंतीपाशी उभा राहायचा आणि चाळणी न घेताच जायचा.

पुढचा वसंत येईपर्यंत फोटो पिवळा पडायला लागला. आधी कडा गेल्या, मग आकाश, मग वरची रांग. बायकांनी लगेच आवई उठवली की जिचा चेहरा जाईल तिचं आता काही खरं नाही. रोझ नावाची एक मठ्ठ बाई होती, ती रोज सकाळी आपलं नाक शाबूत आहे का बघून मगच कामाला बसायची. मी तिला म्हटलं, "नाक चेहऱ्यावर आहे का ते बघ आधी, भिंतीवरचं मग बघ."

एक दिवस एल्झेआर माझ्या टेबलाशी आला. हातात चाळणी नव्हती, दोरी नव्हती.

"उर्सूल," तो म्हणाला, "हिची हनुवटी गेली."

मी हातातला कागद उजेडावर धरला आणि नसलेला ठिपका शोधत बसले.

फोटो फक्त आमचाच पिवळा पडत नव्हता. साहेबांचे सगळेच फोटो पिवळे पडत होते. आता यात चूक कुणाची? साहेबांची कशी असेल? ते घोडागाडीतून मालकांकडे आले आणि दारातूनच म्हणाले, "तुमची खळ नासकी आहे." मालकांनी एल्झेआरला बोलावलं. अंगणात, सगळ्यांसमोर.

"खळीत काय घालतोस रे?"

"वीस वर्षं घालतोय तेच, मालक."

"मग साहेबांचे फोटो का खराब होतात?"

"मला पंधरा दिवस द्या. आणि साहेबांचे वाया गेलेले दोन-चार फोटो द्या. बघतो."

साहेब मोठ्यानं हसले. "खळवाला फोटो बघणार! द्या, द्या. मजा तरी येईल."

पंधरा दिवसांचं वर्ष झालं. मालकांना दुसरा खळवाला मिळत नव्हता म्हणून त्यांनी तगादा लावला नाही.

एल्झेआरकडे कॅमेरा नव्हता. त्यानं औषधवाल्याकडून चांदीचा क्षार आणला, आणि फोटो पक्का करायचं हायपो नावाचं मीठ आणलं. आमच्याच गिरणीचा कागद घेतला. त्यावर नेच्याचं पान ठेवायचं, वर काच दाबायची, उन्हात धरायचं. कागद काळा पडतो, पानाखालचा तेवढा पांढरा राहतो. मग हायपोच्या पाण्यात बुडवला की उन्हाचं काम थांबतं. हे सगळ्या फोटोवाल्यांना माहीत होतं. पुढं काय करायचं ते मात्र कुणी नीट विचारलंच नव्हतं. पुढं फक्त धुवायचं होतं, आणि धुणं म्हणजे काय, बायकांचं काम!

साहेब कसे धुतात ते त्यानं त्यांच्या नोकराकडून काढून घेतलं. बशीभर पाण्यात तीनदा बुचकळायचं, झालं. एल्झेआरनं चाळीस नेचे छापले. काही बशीत बुचकळले, काही तासभर बादलीत ठेवले, काही दिवसभर, काही दोरीला बांधून ओढ्यात सोडले. मग सगळे गोठ्यात शेणाच्या वाफेवर टांगले, म्हणजे दोन वर्षांचं खराब होणं दोन आठवड्यांत होईल. त्याच्या गाईनं त्यातले तीन खाल्ले.

बशीतले पहिल्यांदा गेले. ओढ्यातले टिकले. पण दिवसभर बादलीत उभा राहिलेला एक कागद त्याला कोड्यात पाडत होता. वरून चांगला, खालून पिवळा. एकच कागद, एकच बादली, एकच पाणी.

मी रविवारी त्याला सूप घेऊन जायचे. मेलानी गेल्यापासून तो उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढत होता. त्या रविवारी तो हायपोतून काढलेला कागद निथळत धरून उभा होता. मी भांडं त्याच्यापुढं सरकवलं तेव्हा थेंब माझ्या हातावर पडला. सूप सांडलं असं वाटून मी तो चाटला.

"ईऽ! साखर पडली की काय सुपात?"

"साखर?"

"गोड आहे. चांगलं गोडमिट्ट आहे."

त्यानं कागदावरचा थेंब स्वतः चाखून पाहिला. मग बादलीतलं वरचं पाणी चाखलं: काही नाही. मग नळी घालून तळाचं पाणी ओढलं आणि नळी माझ्या तोंडाशी धरली. तळाचं पाणी गोड होतं.

त्यानं बादलीत वाकून बघितलं. मग म्हणाला, "जड आहे गं ते. खाली बसतंय. कागद स्वतःच्याच घाणीत उभा राहतोय."

एवढंच. सगळा शोध एवढाच. कागदातून सुटलेलं मीठ जड असतं, तळाला जातं. तर पाणी वरून आणा आणि तळातून सोडा. थेंब गोड लागायचा थांबला की धुणं झालं. अकरा विद्वानांना बारा वर्षांत जे सुचलं नाही ते बादलीत नळी घालून कळलं. जीभ माझी होती, हेही कुठंतरी लिहून ठेवायला हरकत नव्हती. महिनाभर आमच्या दोघांचे ओठ काळपट होते आणि गाव त्याचा वेगळाच अर्थ लावत होतं.

त्यानं चेस्टनटच्या लाकडाची एक उभी पेटी केली. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. आत खाचा, त्यांत कागद उभे राहायचे. वरून बारीक धार, तळाला तोटी.

छप्पन्न सालच्या शरदात त्यानं ती प्रकाशकला मंडळापुढं नेली. पेटीचं एक टोक मी धरलं होतं. मला आत बसायला सांगितलं नाही, म्हणून मी दाराशी उभी राहिले. मला बाहेर जायलाही सांगितलं नाही. त्यांना मी दिसलेच नसावे.

एल्झेआरनं टेबलावर दोन नेचे ठेवले, एक पिवळा, एक स्वच्छ, आणि त्याला जमेल तसं सांगितलं. तोटीबद्दल सांगितलं, चाखण्याबद्दल सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "चाखायचं ते जेवणाआधी की जेवणानंतर?"

खुर्च्या हसल्या. कर्नल जागे झाले आणि विचारायला लागले की जेवण आहे का.

"अहो, विज्ञान आता जिभेवर आलं!" द कुर्मेल साहेब म्हणाले. "उद्या तारे चाटून मोजू आपण. बुर्ना, हे पान पिवळं पडलंय असं तुझं म्हणणं. शरदात पानं पिवळीच पडतात ना?"

यावर तर नोटरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब, तुम्ही एकच फोटो असा धुऊन बघा," एल्झेआर म्हणाला.

"माझ्याकडे धोबीण आहे," साहेब म्हणाले.

इतिवृत्तात लिहिलं: कामगार बुर्ना यांनी धुलाईविषयी एक मनोरंजक टिपण सादर केलं. आम्ही पेटी उचलून परत आणली. रस्ताभर मी बोलत होते, आणि जे बोलत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. एल्झेआर एकदाच बोलला. "तुझं टोक जरा वर धर," म्हणाला.

सत्तावन्न सालच्या मे महिन्यात प्रिफेक्ट गावात आले. नगरभवनात समारंभ झाला, आम्हा कामगारांना टाळ्या वाजवायला मागच्या बाकांवर बसवलं होतं. लाल चामड्याचा तो अल्बम मखमलीवर ठेवला होता. साहेबांनी तो वर्षभर कुलपात ठेवला होता, कुणाची नजर लागू नये म्हणून. कुलपात काय चाललंय ते त्यांनीही बघितलं नव्हतं.

प्रिफेक्टनी पहिलं पान उघडलं. तिथं बिशप असायला हवे होते. बिशपांचा मुकुट होता. मुकुटाखाली बिशप नव्हते.

दुसऱ्या पानावर पूल. नदीच्या दोन्ही काठांवर दोन डाग होते, मध्ये पूल नव्हता. तिसऱ्यावर मंडळाचे अकरा सभासद, म्हणजे अकरा मिशा.

प्रिफेक्ट सभ्य माणूस. पानं उलटत शेवटी म्हणाले, "तुमच्याकडे धुकं फार असतं वाटतं?"

मी रुमाल तोंडात कोंबला. त्या दिवसाइतकी मी आयुष्यात हसले नाही, आणि बाहेर येऊन ओट्यावर बसल्यावर रडलेही नाही इतकी. कारण पाचव्या पानावर गिरणीतल्या बायका होत्या, आणि प्रिफेक्टनी ते पान न थांबता उलटलं. थांबण्यासारखं त्यावर काही उरलंच नव्हतं. आमच्या भिंतीवरचाही एव्हाना तसाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची घोडागाडी खळीच्या शेडपाशी उभी राहिली. मी चाळण्या आणायला गेले होते. साहेबांना मी या वेळीही दिसले नाही.

"बुर्ना," साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, कारण खळीला वास येतो. "ती तुझी पेटी. मी तिच्यावर थोडा विचार केलाय."

"बरं."

"प्रिफेक्टसाहेबांना पुढच्या वर्षी नवीन अल्बम द्यायचाय. शिवाय पॅरिसला एक निबंध पाठवायचा विचार आहे. पेटी आणि पद्धत मला सविस्तर सांग. अर्थात, खळवाल्याचं नाव निबंधावर शोभणार नाही, हे तुलाही पटेल. काय पाहिजे ते माग."

एल्झेआरनं डावानं खळ ढवळत विचारलं, "आमच्या फोटोची काच आहे का तुमच्याकडे? निवडखोलीतल्या बायकांची?"

काच असली की हवे तितके फोटो पुन्हा छापता येतात. मूळ काचेवरच असतं, काळ्याच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी काळं.

साहेबांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते हसले. "त्या काचा? अरे, त्या कोण सांभाळणार! आहे बहुतेक, माझ्या काचघरात. खरबुजांवर. चांगली मोठी काच असते ती, फेकायची कशाला? माळ्यानं छपराला लावल्या."

खरबुजांवर! मेलानी, झेली, पेरोन, आम्ही सगळ्या, तीन वर्षं साहेबांच्या खरबुजांना ऊब देत होतो.

"मला ती काच द्या," एल्झेआर म्हणाला. "पेटी तुमची, पद्धत तुमची, नावही तुमचं."

"अरे एल्झेआर!" मी ओरडले. तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, चाळणी बोलल्यासारखं.

"आजच," एल्झेआर म्हणाला. "ऊन वाढायच्या आत."

"घे की," साहेब म्हणाले. "त्या जागी नवीन काच तू बसवून दे म्हणजे झालं."

हेही त्यांना सुचलं. मानलं पाहिजे.

काचघरात चाळीसेक काचा होत्या. माळ्यानं बऱ्याचशा खरवडून साफ केल्या होत्या. उरलेल्यांतून वर बघितलं तर आभाळात माणसं टांगलेली दिसायची: उलटा नोटरी, उलटी कुणाची तरी वरात. काही उन्हानं पार खाऊन टाकल्या होत्या. एल्झेआर शिडीवर आणि मी खाली, मान वर करून. उत्तरेकडच्या कोपऱ्यात, जिथं कोवळी रोपं होती, तिथं माळ्यानं छपराला बाहेरून चुना फासला होता. आमची काच तिथं सापडली. साहेबांनी नाही, त्यांच्या विज्ञानानं नाही. रोपं करपतील म्हणून एका माळ्यानं मारलेल्या चुन्यानं आम्हाला वाचवलं.

एल्झेआरनं ती सुरीनं मोकळी केली आणि मी मांडीवर घेतली. तोंडं काळी, केस पांढरे, डोळ्यांच्या जागी उजेड. डावा कोपरा दमटपणानं सोलून निघाला होता, तिथली सुईणपणही करणारी एक बाई आणि अर्धी रोझ गेली होती. दोघी जिवंत होत्या, त्यांचं निभावलं असतं. मी दुसऱ्या रांगेत स्वतःला शोधलं, माझा हात कुणाच्या तरी खांद्यावर होता, आणि त्या खांद्यावरून मी वर गेले.

"आहे," मी म्हटलं. "हनुवटीसकट आहे."

तो शिडीवरून उतरला नाही. वरूनच नवीन काच मागितली आणि लुकण लावून नीट बसवून दिली. मी असते तर तिथून पाऊस आत जाईल अशी बसवली असती.

पहिली प्रत त्याच्या अंगणात छापली. सहा तास पेटीत धुतली. शेवटचा थेंब मी चाखला: नुसतं ओढ्याचं पाणी. ती दोरीवर वाळत असताना तो समोर ओंडक्यावर बसला होता.

"हिच्या कानात एकच डूल आहे," तो म्हणाला.

"फोटोच्या दिवशी सकाळी चिंध्यांच्या ढिगात हरवलं. तुला सांगू नको म्हणाली होती. तूच लग्नात दिलेलं ना?"

"मला वाटायचं, साथीच्या गडबडीत कुणी काढून घेतलं असेल. तीन वर्षं मी दवाखान्यातल्या त्या नर्सला मनातल्या मनात शिव्या देतोय."

"मग आता माफ कर तिला."

"करतो," तो म्हणाला, आणि थोडा हसला. मेलानी गेल्यावरचं ते पहिलं.

इकडे साहेबांचं काम जोरात होतं. लाकडी पेटी त्यांना गावंढळ वाटली. त्यांनी चिनी मातीची करवून घेतली, पुढच्या बाजूला घराण्याचं चिन्ह: सिंह, मनोरा आणि लॅटिन वाक्य. तोटी तळाला लावली तर ती नेमकी सिंहाच्या पोटातून बाहेर यायची. ते बरं दिसेना. म्हणून साहेबांनी तोटी वर घेतली, मनोऱ्याच्याही वर. 'कुर्मेल धावनपात्र' असं नाव ठेवलं, निबंध पॅरिसला गेला, तिथल्या विद्वानांनी तो वाचला, आणि त्यांच्यातल्या एकालाही तोटी दिसली नाही. पदक आलं. बँड वाजला.

मंडळानं निबंध छापून वाटला तेव्हा एल्झेआरनं चित्र बघितलं.

"तोटी वर गेलीय," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"अगं पण मग धुतलं जाणार नाही. घाण तळालाच राहील."

"राहू दे ना! पदक धुवायचंय का त्यांना? एल्झेआर, शपथ आहे तुला, सांगू नकोस."

पण तो टेकडी चढून गेलाच. इतका सरळ माणूस की कधीकधी मला त्याला पेटीत उभं करून धुवावंसं वाटायचं. साहेब जेवत होते, तो दारात उभा राहून म्हणाला की तोटी तळाशी हवी. काय झालं ते त्यानंच मला नंतर सांगितलं, एकही शब्द न गाळता, कारण त्याला गाळता येत नाही.

साहेबांनी काटा खाली ठेवला. "बुर्ना, आपला करार झालाय ना?"

"झालाय."

"मग हा शोध कुणाचा?"

"तुमचा."

"मग तोटी कुठं हवी ते मी ठरवीन."

दोन वर्षांत दुसरा अल्बमही पिवळा पडला. मंडळानं चौकशी समिती नेमली. समितीनं ठरवलं की दोष कागदाचा आहे, आणि मंडळ जर्मन कागद वापरायला लागलं. तोही पिवळा पडला. तेव्हा दोष हवेचा ठरला. पदक अजून मंडळाच्या दिवाणखान्यात आहे, आणि खाली साहेबांचा एक फोटो आहे, त्यात आता फक्त कॉलर उरलीय.

आमच्याकडे मात्र ग्रनोब्ल आणि लियोंहून फिरते फोटोवाले यायला लागले. ज्यांचं पोट फोटोवर आहे, त्यांना फोटो टिकायला हवे असतात. त्यांना सिंह नको होता. त्यांना कुणी पाठवलं ते कधी कळलं नाही. ते विचारायचे, "तळाला तोटीवाली पेटी करणारा तूच का?" एल्झेआर पेट्या करून द्यायचा आणि मी रविवारी त्यांचे फोटो धुवायचे. कुणी पेटीवर नाव घालायला सांगितलं तर तो म्हणायचा, नाव दिलंय दुसऱ्याला. मी त्याला मूर्ख म्हणायचे. अजूनही म्हणते. एका खरबुजाच्या काचेवर त्यानं ते नाव सोडलं. पण मीही त्याच्याबरोबर शिडी धरून उभी होते, तेव्हा माझ्या बोलण्याला फार अर्थ नाही.

काचेवरून त्यानं एकतीस प्रती काढल्या. जिवंत होत्या त्यांना एकेक दिली. रोझनं आपली अर्धी बघून आकांत केला, पण घेतली. मेलानीची त्याच्याकडेच राहिली. पेरोनचं कुणी नव्हतं, तिची मी ठेवली. राहिली झेलीची. तिचा बाप डोंगरात वरच्या वस्तीवर राहायचा आणि बर्फानं वाट बंद झाली होती, म्हणून पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागलं. मग आम्ही दोघं गेलो. फोटो दोन पाट्यांमध्ये दाबून एल्झेआरच्या पाठीवर बांधला होता.

म्हातारा दाराबाहेर दुधाच्या घागरी घासत होता. आम्ही कोण ते सांगितलं. त्यानं हात पुसले, फोटो घेतला, उन्हाकडे पाठ करून धरला. डोळ्यांजवळ नेला, लांब केला; मला वाटलं त्याला दिसत नसावं.

"पुढच्या रांगेत, उजवीकडून दुसरी," मी म्हटलं.

"मला माहितीय कुठं आहे ती," तो म्हणाला. "हिचे हात कुठं आहेत?"

मी वाकून बघितलं. झेलीचा चेहरा स्पष्ट होता, डोळे ताठ, ओठ मिटलेले. पण मांडीवर हातांच्या जागी नुसतं धुरकट पांढरं होतं.

एल्झेआर घाबरलाच. "ते धुण्यात गेलेलं नाही, दादा," तो म्हणाला. "धुणं चांगलं झालंय. फोटो काढताना हात हलले की असं होतं. साहेबांनी हलू नका म्हणून सांगितलं होतं, पण..."

"हलवले तिनं?"

"हलवलेच असणार," मी म्हटलं.

म्हातारा हसायला लागला. दात नव्हते, सगळं तोंड हसत होतं. "साहेबानं सांगितलं हलू नको, आणि हिनं हलवले!" तो आत वळून बायकोला हाका मारायला लागला. "अगं ये बाहेर! ये लवकर! बघ, तुझ्या पोरीनं काय केलंय ते बघ!"